वड्याचं तेल वांग्यावर, तेही इन्स्टाग्रामवर

या वेळचं पत्र रावेर तालुक्यातून आलंय. थोडं कमी करून देतेय, मालिकेचं नाव आणि घरातल्यांची नावं काढून.

"ताई, नमस्कार. माझं वय ५१, आमची केळीची शेती आहे. मोठा मुलगा पुण्याला कंपनीत, धाकटा जळगावला इंजिनिअरिंगला. प्रश्न मुलांचा नाही, ह्यांचा आहे, वय ५७. दिवाळीत धाकट्याने ह्यांच्या मोबाइलमधे ओटीटी घालून दिलं आणि तेव्हापासून एका खुनाच्या मालिकेचं याडच लागलं. रोज जेवण झालं की ओट्यावर खाट टाकून बघत बसायचे, दोन सीझन बघितले. शेवटच्या भागात ती इन्स्पेक्टरबाई, खुनी कोण ते कळूनही फाइल बंद करते अन् तो माणूस गाडीत बसून मजेत निघून जातो. ह्यांना रात्रभर झोप नाही. सकाळी त्या हिरोइनच्या इन्स्टाग्रामवर जाऊन घाण घाण लिहिलं आणि शेवटी लिहिलं, एकदा रावेरला ये मग दाखवतो तुला. तिने त्याचा स्क्रीनशॉट स्टोरीला टाकला, ह्यांच्या नावासकट, फोटोसकट. मोठ्याचं लग्न जवळपास ठरलंय, मुलगी चोपड्याकडची, पुढच्या महिन्यात साखरपुडा. मुलीच्या मावसबहिणीने ते पाहिलं. तिकडून फोन आला, थोडं थांबू या म्हणे. ह्यांना सांगितलं तर म्हणतात मी काय चुकीचं बोललो, खुनी असा सुटतो का. आता धाकट्याकडून दुसरं अकाउंट काढून घेतलंय अन् त्याच्यावरून लिहितात. तसे स्वभावाने एकदम शांत आहेत, मजुरावर कधी आवाज चढवत नाहीत. मागच्या वर्षी एका व्यापाऱ्याने केळीचे सव्वाचार लाख बुडवले तेव्हाही कोणाला एक शब्द बोलले नाहीत. ताई, मी मोबाइल काढून घेऊ का? अन् मुलीकडच्यांना काय सांगू?"

ताई, मालिकेचं नाव मी मुद्दाम गाळलं. ज्यांची बघायची राहिलीय त्यांच्या शिव्या मला नकोत, आणि नाव छापलं असतं तर तुमचा प्रश्न राहिला असता बाजूला आणि लोक त्या इन्स्पेक्टरबाईने बरोबर केलं की चूक यावरच भांडत बसले असते. खरं सांगू का, "रावेरला ये मग दाखवतो" वाचून आधी मला हसूच आलं, कारण आपल्याकडे हे वाक्य पाहुण्याला केळी खाऊ घालायलाही म्हणतात आणि डोकं फोडायलाही. पण मुंबईत बसलेल्या त्या हिरोइनला ते कसं कळणार, तिने त्याचा जो अर्थ घेतला तोच कोणीही घेईल. त्यावर येतेच.

आधी एक गोष्ट मनातून काढून टाका, की भाऊंच्या डोक्यावर परिणाम झालाय. नाही झालेला. गुन्ह्याच्या मालिकेचा शेवट मनासारखा झाला नाही की चांगली शिकली-सवरलेली माणसं कशी वागतात त्याचे किस्से ऐकाल तर भाऊ फार काही वेगळे वाटणार नाहीत.

अमेरिकेत एचबीओवर "द सोप्रानोज" म्हणून मालिका होती, टोनी सोप्रानो नावाच्या माफियाची. १९९९ ला सुरू झाली आणि १० जून २००७ ला तिचा शेवटचा भाग लागला. शेवटचा सीन असा, टोनी एका साध्या हॉटेलात बसलाय, समोर बायको आणि पोरगा, टेबलावर कांद्याच्या तळलेल्या रिंगा, पोरगी बाहेर गाडी लावायला धडपडतेय, गाडी काही नीट लागत नाहीये, आत कोण कोण येतंय त्यातल्या प्रत्येकावर आपला संशय, मग दाराची घंटी वाजते, टोनी मान वर करतो आणि पडदा काळा. आवाज बंद. आठ-दहा सेकंद नुसता अंधार आणि मग नावं. तिकडे कितीतरी जणांना वाटलं नेमकी आत्ताच केबल गेली, लोक टीव्ही ठोकायला लागले, वायरी हलवायला लागले. मग कळलं की शेवटच तो आहे, तेव्हा जो गदारोळ झाला तो पुढे वर्षानुवर्षं चालला, जिथे जाईल तिथे मालिकेचा कर्ता डेव्हिड चेस याला लोकांचा एकच प्रश्न, टोनी मेला का जिवंत आहे ते सांग. हे आपल्याकडे झालं असतं ना, तर कोणी मालिकेला दोष दिलाच नसता. लाइट गेली म्हणून सगळे ओट्यावर आले असते, समोरच्या घरात डोकावून "तुमच्याकडे आहे का हो" विचारलं असतं आणि वायरमनला फोन लावला असता.

इंग्लंडचं ऐका. बीबीसीची "लाइन ऑफ ड्यूटी", पोलिसातलेच भ्रष्ट पोलीस पकडणारं एक पथक असतं त्याची गोष्ट. वर्षानुवर्षं एकच कोडं, की गुंडांना आतून सांभाळणारा वरचा माणूस कोण. २ मे २०२१ ला सहाव्या सीझनचा शेवटचा भाग लागला, सव्वा कोटीच्या वर लोकांनी एकाच वेळी पाहिला, आणि निघाला कोण? बकल्स नावाचा एक ढ अधिकारी, ज्याला सगळे हसायचे. लोक असे भडकले की विचारू नका. एवढी वर्षं जागलो ते या माणसासाठी? आता मला विचाराल तर तो शेवट मला आवडला, कारण सरकारी ऑफिसात ज्याने कधी काम केलंय त्याला माहितीय की मोठे घोटाळे फार हुशार माणसं करतात असं काही नसतं, बऱ्याचदा एखादा सामान्य माणूस सही करत सुटतो आणि बाकीचे बघत नाहीत. पण लोकांना ते नको होतं. लोकांना पाहिजे होता मोठा राक्षस, आणि त्याच्या हातात बेड्या.

आणि लांब कशाला जायचं, आपलं "देवमाणूस" घ्या ना. झी मराठीवर २०२० च्या ऑगस्टला सुरू झालं, खुनांचा आरोप असलेल्या वाईच्या त्या डॉक्टरच्या प्रकरणावरून घेतलेलं, घरोघरी सासवा-सुना जेवणं आटपून बघायच्या, "बाई गं ती आता त्याच्याकडे औषधाला चालली" म्हणून जीव खालीवर व्हायचा. पुढच्या वर्षीच्या ऑगस्टला संपलं तेव्हा बऱ्याच जणांचा हिरमोड झाला, वर्षभर याचे कारनामे बघितले आणि शिक्षा कुठेय? डिसेंबरमधे दुसरा भाग सुरू झाला आणि मग लोकांच्या लक्षात आलं की शिक्षा का नव्हती. सोन्याची अंडी देणारी कोंबडी कोण फाशी देईल? "सीआयडी"त बघा, एसीपी प्रद्युम्न म्हणजे आपले शिवाजी साटम, १९९८ पासून दार तोडायला सांगतायत, २०२५ च्या एप्रिलमधे त्यांना बॉम्बस्फोटात मारलं, चॅनेलने श्रद्धांजलीची पोस्टसुद्धा टाकली, लोक हळहळले, चिडले, काहींनी शपथा घेतल्या की आता बघणार नाही, आणि थोड्या दिवसांनी साहेब परत हजर.

तर हा धंदा असा चालतो. तुमच्या त्या मालिकेचा खुनी गाडीत बसून गेला याचं कारण बहुतेक हेच, की तिसऱ्या सीझनला तो लागणार आहे. ते कोण ठरवतं? लिहिणारे ठरवतात, पैसे घालणारे ठरवतात, तो प्लॅटफॉर्म ठरवतो. शूटिंग कधीच संपलेलं असतं, त्यानंतर एडिटिंग, आवाज, संगीत, त्यात महिने जातात, मग ते आपल्या ओट्यावर येतं. ती मुलगी हातात आलेला कागद पाठ करून उभी राहिली आणि तिचं काम इतकं चोख झालं की रावेर तालुक्यातला एक शांत माणूस रात्रभर जागा राहिला. तिला खरं तर बक्षीस द्यायला पाहिजे आणि आपण देतोय शिव्या.

हे पण जुनंच आहे म्हणा. निळू फुले पडद्यावर आले की बायका कडाकडा बोटं मोडायच्या, बाहेर दिसले तरी तोंड फिरवायच्या, आणि निळूभाऊ स्वतः कोण, तर राष्ट्र सेवा दलातून घडलेला, चळवळीतल्या कार्यकर्त्यांसाठी राबणारा साधा माणूस. फरक एवढाच की तेव्हा बाई बोटं मोडायची ती थिएटरात किंवा आपल्या दारात, ते निळूभाऊंच्या उशाशी जात नव्हतं. आता जातं. रात्री दोन वाजता मोबाइल उचलला तर पहिली तुमची शिवी दिसते. "ब्रेकिंग बॅड" नावाची मालिका होती, २००८ ते २०१३, कॅन्सर झालेला केमिस्ट्रीचा मास्तर नशेची पावडर बनवायला लागतो आणि बघता बघता डॉन होतो. त्याची बायको त्याला अडवते, तर प्रेक्षकांचा सगळा राग कोणावर, त्या बायकोवर! खून करणारा नवरा लाडका आणि "हे काय चाललंय घरात" म्हणणारी बायको कैदाशीण. ते काम करणारी अ‍ॅना गन, तिने २०१३ च्या ऑगस्टमधे न्यूयॉर्क टाइम्समधे लेख लिहून सांगितलं की आधी लोक पात्राला शिव्या देत होते, मग हळूहळू त्या तिलाच द्यायला लागले, आणि एकाने तर लिहिलं की ही बाई कुठे सापडेल सांगा, मला तिला मारायचंय. ती घाबरली. कोणीही घाबरेल.

आता हे वाक्य आणि भाऊंचं वाक्य शेजारी शेजारी ठेवून बघा. भाऊंना तसं म्हणायचं नव्हतं हे तुम्हाला माहिती, मला पत्र वाचून वाटतं, पण त्या मुलीकडे तुमच्या घरातली तीस वर्षं नाहीयेत, तिच्याकडे एक ओळ आहे आणि मिशीवाला एक अनोळखी फोटो. हे नुसतं वाईट बोलणं राहत नाही, ही धमकी होते, आणि धमकीला भारतीय न्याय संहितेत कलम ३५१ आहे. बाईला उद्देशून घाणेरडं लिहिलं तर कलम ७९ वेगळं. तिने फक्त स्टोरी टाकली, तक्रार केली नाही, यात तिचा चांगुलपणा आहे असं समजा. आणि दुसऱ्या अकाउंटवरून लिहिलं म्हणजे कळत नाही असं भाऊंना वाटत असेल तर ते साफ चूक आहे, तक्रार झाली तर नंबर निघतो, आणि निघेल तो धाकट्याचा, ज्याला उद्या कॅम्पसमधे नोकरीला बसायचंय.

म्हणून पहिलं काम आज संध्याकाळी करा. सगळ्या कमेंट काढायच्या, पहिल्या अकाउंटच्या पण. मग पहिल्याच अकाउंटवरून, स्वतःच्या नावाने, त्या बाईंना एक मेसेज. तो भाऊंनीच टाइप करायचा, चुका झाल्या तरी चालतील, तुम्ही किंवा पोराने लिहून द्यायचा नाही. एवढाच: "मॅडम, मालिका बघून रागाच्या भरात मी तुम्हाला घाण बोललो आणि धमकी वाटेल असं लिहिलं. माझं चुकलं. ते सगळं काढून टाकलंय. माफ करा." आणि संपलं. "पण तुम्ही खुन्याला सोडायला नको होतं" हे त्याच्यापुढे जोडायचं नाही. मला माहितीय बोट तिथे जाईल, तुम्ही शेजारी बसा. तिचं उत्तर येईल किंवा येणार नाही, परत परत मेसेज करायचे नाहीत.

आता चोपडा. रावेर, सावदा, फैजपूर, यावल, चोपडा, सगळं त्या एका बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्यावर, लग्नाची बातमी असो की लफड्याची, ती आपल्या आधी पोचलेली असते. तेव्हा लपवायचा प्रश्नच नाही. "अकाउंट हॅक झालं होतं" हे तर अजिबात सांगू नका. आजकाल ज्याला त्याला हेच सुचतं आणि ऐकणारा मनात म्हणतो, बरं, म्हणजे खोटंही बोलतात. मुलीकडचे "थोडं थांबू या" म्हणालेत, "नको" म्हणालेले नाहीत, हा आपल्या भाषेतला फार मोठा फरक आहे. त्यांना मालिकेशी काही देणंघेणं नाही. त्यांना एकच भीती आहे, जो माणूस परक्या बाईला असं लिहितो तो घरात सुनेला कसा बोलेल. अगदी रास्त भीती आहे, मुलीचे आईबाप असते तर तुम्हीही हेच केलं असतं.

याचं उत्तर मधल्या माणसाकडून पाठवता येत नाही. मध्यस्थाला पाठवलंत तर तो दोन्हीकडे गोड बोलेल आणि संशय वाढवून येईल. भाऊंनी स्वतः फोन करावा, "मला तुमच्याकडे यायचंय, मी जे केलं त्याबद्दल बोलायचंय" म्हणावं, आणि तुम्ही दोघांनी जावं. तिथे गेल्यावर सफाई देऊ नये, मालिकेची स्टोरी तर मुळीच सांगू नये (भाऊ सांगायला घेतील, तुम्ही चहाचा कप पुढे करा). चूक झाली, त्या बाईंची माफी मागितली, पुन्हा होणार नाही, तुम्हाला वेळ घ्यायचा असेल तर घ्या. मुलगी समोर आली तर तिच्याशीही हेच बोलावं, कारण ज्या घरात तिला यायचंय त्याचा प्रश्न आहे. आणि मोठ्याला सांगा, त्याने मुलीशी आपलं आपण बोलावं, वडिलांची बाजू घेऊन नाही, नुसतं तिला काय वाटतंय ते ऐकायला. एवढं करून त्यांनी नाही म्हटलं तर नाही. पण मला वाटतं, चूक कबूल करणारा सासरा बघून बऱ्याच बापांचा जीव उलट भांड्यात पडतो.

आता जे मला मघापासून बोलायचंय ते.

तुमच्या पत्रात शेवटाला एक वाक्य आहे, तुम्ही ते सहज लिहून पुढे गेलात. केळीचे सव्वाचार लाख बुडाले तेव्हाही एक शब्द बोलले नाहीत. ताई, मी त्या वाक्यावर अडकले. बाग उभी करायची म्हणजे काय ते मी तुम्हाला सांगायची गरज नाही, वर्षभर पोसायची, एप्रिल-मेत पारा पंचेचाळिसाच्या वर गेला की पाण्यासाठी रात्री-बेरात्री मोटर चालू करायला जायचं, वावधन-वादळ आलं की बाग आडवी होते का म्हणून जीव टांगणीला, आणि एवढं करून घड कापले, काट्यावर वजन झालं, गाडी भरली, ताडपत्री बांधली, गाडी निघाली, दोन दिवसांत पैसे टाकतो म्हणाला, आणि मग फोनच उचलत नाही. मालिकेतला खुनी गाडीत बसून मजेत निघून गेला असं तुम्ही लिहिलंय. तुमच्या बांधावरूनही एक गाडी अशीच गेलीय ना?

मी काही डॉक्टर नाही आणि कोणाच्या मनात काय चालतं ते छातीठोक सांगणारी बाई नाही. पण सरळ बघा ना, जो माणूस खऱ्या चोराला काही बोलला नाही तो खोट्या खुन्यासाठी रात्रभर जागतो. दोन सीझन तो एवढ्यासाठी बघत होता की इथे तरी कोणीतरी पकडलं जाईल. आपल्या बाबतीत कोण पकडणार, पण इथे एक तडफदार इन्स्पेक्टरबाई आहे, तिच्याकडे फाइल आहे, पुरावे आहेत, ती सोडणार नाही. आणि शेवटी तिनेच फाइल बंद केली. तुम्ही लिहिलं नाहीये पण मला खात्री आहे की भाऊ पोलिसात गेले असतील, तिथे एक अर्ज घेऊन ठेवला असेल, "बघतो" म्हणाले असतील आणि भाऊ घरी येऊन गप्प बसले असतील. बंद फाइलचा राग त्यांच्याकडे तयारच होता, तो निघाला त्या पोरीवर. म्हणून म्हटलं वड्याचं तेल वांग्यावर.

आपल्याकडे शेतकरी माणूस बुडालेल्या पैशाबद्दल बोलत नाही याचं एक कारण लाज असतं. लोक काय म्हणतील, एवढा अनुभवी आणि रोख पैसे न घेता माल दिला. बायकोसमोर पण लाज. दुसरं म्हणजे मधे गावातलाच कोणीतरी दलाल असतो, रोज तोंड बघायचं, लग्नाकार्यात एका पंगतीला बसायचं, कसं बोलणार. आणि मग सगळे म्हणतात जाऊ द्या ना भो, पुढच्या बागेत निघतील पैसे. मी म्हणते का जाऊ द्यायचं? सव्वाचार लाख म्हणजे काय चहाचे पैसे आहेत का?

तेव्हा चोपड्याहून आलात की एक दिवस घरातली ती चोपडी काढा. केळीच्या गाड्या गेल्या त्या तारखा, वजनकाट्याच्या पावत्या, व्यापाऱ्याने दिलेली हिशोबाची चिठ्ठी, व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं, आधी कधी बँकेत पैसे आले असतील तर त्या नोंदी, गाडीचा नंबर, कापणीला कोण मजूर होते त्यांची नावं. सगळं एका फाइलीत. भाऊंना फाइलीची एवढी ओढ आहे तर ही फाइल उघडू द्या त्यांना.

मग तालुक्याच्या ठिकाणी वकिलाकडे. पैसे येणं आहे म्हणून दिवाणी दावा लावायला साधारण तीन वर्षांची मुदत असते, तुमचं मागच्या वर्षीचं म्हणजे वेळ गेलेली नाही, पण "बघू पुढे" करत बसलात तर जाईल. चेक दिला असेल आणि तो परत आला असेल तर त्याच्या मुदती फार कडक आहेत, बँकेकडून कळल्यापासून तीस दिवसांत नोटीस द्यावी लागते, तेव्हा ते वकिलाला पहिल्यांदा विचारा. सुरुवातीपासूनच बुडवायच्या इराद्याने माल उचलला असेल, आणखी शेतकऱ्यांनाही असंच फसवलं असेल, तर ती फसवणूक, न्याय संहितेचं कलम ३१८. पोलीस ठाण्यात फिर्याद घेत नसतील तर तीच तक्रार लेखी करून रजिस्टर पोस्टाने जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांकडे पाठवता येते, आणि तिथूनही काही झालं नाही तर वकिलामार्फत मॅजिस्ट्रेटपुढे अर्ज करता येतो. व्यापाऱ्याकडे बाजार समितीचं लायसन असेल तर समितीतही अर्ज टाका. आणि हो, सातबाऱ्यावर तुमचं नाव आहे का बघा. असेल तर फार चांगलं, कारण बाईला उत्पन्न किती ते न बघता सरकारी मोफत वकील मिळतो, तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते तिथे विचारा. अजून एक, त्याच व्यापाऱ्याने बुडवलेले दुसरे शेतकरी शोधा. असतातच. चार जण मिळून गेले की ठाण्यात खुर्ची पण मिळते.

पैसे परत येतील असं मी म्हणत नाही. येतील, अर्धे येतील, कदाचित कोर्टाच्या तारखाच वाट्याला येतील. पण भाऊंना करायला काहीतरी खरं मिळेल आणि रागाला नाव-पत्ता मिळेल. हे बोलताना मात्र "तुम्ही त्या केळीच्या पैशांमुळे असं वागताय" असं तोंडावर म्हणू नका, माणूस जास्तच मिटेल. नुसतं म्हणा, मला त्या व्यापाऱ्याचं काय झालं ते पहिल्यापासून सांगा, मला नीट माहितीच नाही. आणि ऐका. मधे उपाय सांगू नका, "मी तेव्हाच म्हटलं होतं" हे तर गिळूनच टाका, खरंच म्हटलं असलं तरी.

मोबाइल काढून घ्यायचा का विचारलंत. नका. सत्तावन्न वर्षांच्या माणसाचा मोबाइल काढला तर तो शेजाऱ्याचा घेईल आणि वर रुसून बसेल. मालिका बघू द्या, चांगली करमणूक आहे, मीही बघते. फक्त एकट्याने कानात वायर घालून बघू देऊ नका, तुम्हीही भाकरी-बिकरी आटपून ओट्यावर जाऊन बसा, नाही आवडलं तर मोठ्याने बोला, त्या लिहिणाऱ्याला दोघं मिळून काय शिव्या द्यायच्या त्या द्या, ओट्यावर दिलेली शिवी यावलपर्यंतही जात नाही. तिसरा सीझन येईल तेव्हा येईल. तोवर साखरपुडा झाला असेल तर सुनेलाही बसवा, या पोरींना शेवट आधीच कळलेला असतो.

आणि धाकट्याला आजच फोन करा. बापाला खोटं अकाउंट काढून देताना त्याला मजा वाटली असेल, ते त्याने आत्ताच्या आत्ता डिलीट करायचं, नुसतं लॉगआउट नाही, डिलीट, आणि केल्याचा स्क्रीनशॉट तुम्हाला पाठवायचा.